मूपॉचे पहिले मत

"तुम्ही कधी जुगाराचा अड्डा चालवलाय?"

"नाही."

"दारूच्या व्यसनात पडलायत?"

"नाही!" मूपॉ म्हणाली, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवले. वर्गात हशा पिकला. नवरा, सॉ लेर, लाजून खाली बघू लागला.

"शांत बसा. साहेबासमोर हसलात तर साहेब चहा पाजणार नाही," आर्डिसबाई म्हणाल्या. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात त्या साहेब होत असत. गळ्यात दिवंगत नवऱ्याचा टाय, नाकावर खाली घसरलेला चष्मा, समोर लांब टेबल. टेबलाच्या अलीकडे ज्याची नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली असेल तो. राज्यघटना म्हणजे काय, कायदे कोण करते, राष्ट्राध्यक्षाने नकार दिला तरी कायदा कसा होऊ शकतो, हे सगळे मूपॉने धडाधड सांगून टाकले होते. आता अर्जातले 'हो-नाही'चे प्रश्न चालले होते. हा भाग सोपा, कारण उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असते.

"तुम्ही या देशात कधी मतदान केलंय?"

"हो!"

मूपॉचा चेहरा उजळला होता. बाईंना वाटले, तिला प्रश्न कळला नाही.

"मतदान गं. निवडणुकीतलं."

"हो तर. नोव्हेंबरात. इथंच वरच्या हॉलमध्ये." ती हसली. "विसरलात काय, थारामू? तुम्हीच तर कागद दिलात हातात!"

थारामू म्हणजे तिच्या कारेन भाषेत शिकवणारी बाई. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ग्वाटेमालाहून आलेला एक म्हातारा बेकरीवाला तर उठून उभा राहिला. आर्डिसबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छान," त्या म्हणाल्या. मग टाय सैल केला. "आज इथंच थांबू."

"काही चुकलं का माझं?" मूपॉने विचारले.

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही."

हे अगदी खरे होते, आणि म्हणूनच बोलताना त्यांना तिच्याकडे बघवले नाही.

आर्डिस होमग्रेन या बाईंनी नेब्रास्कातल्या त्या गावाला, म्हणजे कॉटनवुड बेंडला, नागरिकशास्त्र शिकवले होते. गावात चाळिशी ओलांडलेला असा माणूस सापडणे कठीण, ज्याने त्यांच्या वर्गात दुसऱ्याचा कान धरला नसेल. त्यांचा तो खेळच होता. तीन मुले गोल उभी करायची, एक संसद, एक राष्ट्राध्यक्ष, एक न्यायालय, आणि प्रत्येकाने पुढच्याचा कान धरायचा. "आता ओढा बघू!" एकाने ओढला की फिरून त्याचाच कान दुखायचा. "कळलं? हेच आपलं सरकार. कुणालाही जोरात ओढता येत नाही." गावातली निम्मी मंडळी बाकीची राज्यघटना विसरली असतील, पण हे विसरली नव्हती.

निवृत्तीनंतर गावात माणसे बदलली. मांसाच्या कारखान्यात कामाला ग्वाटेमालाचे आले, सोमालियाचे आले, मग ब्रह्मदेशातून पळालेले कारेन थायलंडच्या निर्वासित छावण्यांतून आले. जुनी मंडळी कुरकुरली. बाईंनी मात्र तळघराची किल्ली मागून घेतली आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग सुरू केला. पैसे नाहीत, सुट्टी नाही, वर घरी केलेला केक. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या फारसा लपवतही नसत.

मूपॉ त्यांची लाडकी होती. कारखान्यात सकाळपासून सुरी चालवून बोटे आखडलेली असायची, तरी ती पहिल्या बाकावर. निवडणुकीच्या आधीच्या मंगळवारी बाईंनी नेहमीचा क्रम मोडला. परीक्षेच्या पुस्तिकेत मतदानाचा हक्क कुणाला, कुणाला नाही हे सगळे बरेच पुढे येते. पण निवडणूक तोंडावर आली असता ते रुक्ष कलम कोण शिकवत बसणार? बाई उभ्या राहिल्या आणि मतदानावर बोलत सुटल्या. "मत न देणारा माणूस म्हणजे स्वतःच्याच घरात पाहुणा," त्या म्हणाल्या. त्या कुणाला उद्देशून बोलत होत्या? उद्याच्या नागरिकांना. पण 'उद्याच्या' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मूपॉच्या घरी तेव्हा एक कार्ड येऊन पडलेले होते. उन्हाळ्यात ती गाडीचे लायसन्स काढायला गेली होती. खिडकीतल्या मुलीने भराभरा बरेच काही विचारले, मूपॉने सगळ्याला मान डोलावली. छावणीत खिडकीपलीकडच्या माणसाला 'नाही' म्हणायची रीत नव्हती. त्या भराभरा विचारलेल्यात मतदार यादीत नाव घालायचे का, हेही होते. काही आठवड्यांनी सरकारी शिक्क्याचे कार्ड आले. त्यावर तिचे नाव, मतदान केंद्राचा पत्ता. सरकारने आपल्याला नावानिशी बोलावले आहे, आणि थारामू म्हणतात जायलाच हवे.

मतदानाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये याद्यांच्या टेबलावर आर्डिसबाई आणि डेल क्रान्झ बसले होते. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसे हवीत, म्हणून ही जोडी वर्षानुवर्षे एकमेकांना टोमणे मारत शेजारी बसायची. डेल मका पिकवायचा, मोठ्याने घोरायचा आणि माणूस म्हणून वाईट नव्हता.

"तुझ्या कारखान्यातल्या लेकरांपैकी एक तरी आलंय का आज?" दुपारी तो म्हणाला. "अगं, त्यांना पगाराशी मतलब. देश-बिश तू शिकवत बस."

बाईंना ते झोंबले. त्या काही बोलणार तेवढ्यात मूपॉ दारातून आत आली. लाल-काळा, हाताने विणलेला अंगरखा, केस चापूनचोपून बांधलेले, आणि ते कार्ड दोन्ही हातांत आडवे धरलेले. बाईंची छाती फुगली. त्यांनी यादी उलटली. नाव छापलेले होते. मूपॉने लायसन्स दाखवले, फोटो जुळला.

आणि तेव्हा, मतपत्रिकेवर हात ठेवलेला असताना, बाईंना कळले. नंतर त्यांनी स्वतःची कितीदा तरी समजूत घालून पाहिली की ते अर्धवट, पुसट काहीतरी होते. तसे नव्हते. विचार पुरा आला होता. ही माझ्या मंगळवारच्या वर्गाला येते. तो वर्ग जे अजून नागरिक झाले नाहीत त्यांच्यासाठी आहे. टेबलावर बसलेल्या कुणालाही आक्षेप घेता येतो, आणि या हॉलमध्ये हे माहीत असलेली मी एकटी आहे.

पण रांग लागली होती. डेल बघत होता. मूपॉ इतकी सुंदर दिसत होती. यादीत नाव आहे म्हणजे सरकारने बघितले असेलच की. 'सरकार म्हणजे आपणच' असे आयुष्यभर पोरांच्या डोक्यात भरवणाऱ्या बाईंनी त्या क्षणी सगळा भार सरकारवर टाकला आणि मतपत्रिका पुढे केली. मग डेलकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस?"

आता जानेवारीत त्यांना सगळ्यात जास्त छळत होता तो हा शब्द. मतपत्रिका दिली ती चूक म्हणता आली असती. पण 'बघितलंस' ही चूक नव्हती. ती फुशारकी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी मूपॉला पुढे केले होते.

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डेलच्या शेतावर गेल्या. तो ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्यांनी सगळे सांगितले. तो बाहेर आला, हात पुसले, आणि पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नाही.

"तिला सांग, 'नाही' म्हण म्हणून."

"शपथेवर?"

"अगं, कोण बघतंय त्या याद्या? कचेरीच्या तळघरात सडतायत. चांगली बाई आहे, पोरं शाळेत जातायत. एक 'नाही' म्हटल्यानं आभाळ कोसळणार नाही."

"आणि कुणी बघितलंच तर?"

डेलने खांदे उडवले. "तू विचारायला आलीस म्हणून सांगितलं. मी तर त्या दिवशी काही बघितलंच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "तुझी पण बाजू सावरतेय त्यात, आर्डिस."

तो त्यांच्या भल्याचेच बोलत होता. परतताना गाडीत त्यांना जाणवले की आपल्याला त्याचे म्हणणे पटायला लागले आहे. त्यांनी गाडी वळवली आणि घरी न जाता थेट मरिसोलच्या ऑफिसला नेली.

मरिसोल किरोगा टायरच्या दुकानाच्या माडीवर वकिली करायची. सगळी प्रकरणे स्थलांतरितांची. ती पण बाईंचीच विद्यार्थिनी. बाईंनी तोंड उघडले तशी ती उठली आणि दार लावून आली.

"पुन्हा सांगा, बाई. सावकाश."

बाईंनी पुन्हा सांगितले. मरिसोलने लिहून काहीच घेतले नाही, नुसती ऐकत राहिली.

"नागरिक नसताना मत दिलं तर नागरिकत्व नाकारतातच, पण तेवढ्यावर थांबत नाही," ती म्हणाली. "देशातून काढायची नोटीस निघू शकते. माहीत नव्हतं हे कारण ऐकतातच असं नाही. अर्ज मागे घेतला तर आयुष्यभर दारावर टकटक झाली की दचकायचं. खोटं बोलली तर शपथेवर खोटं बोलली, मग सगळं संपलंच. खरं बोलली तर साहेबाच्या मर्जीवर."

"मग न्यायाधीशासमोर जाऊ. पंच असतील, त्यांना मी सांगीन. सरकार तिला वकील देईलच, तू पण..."

"बाई." मरिसोलने त्यांच्या हातावर हात ठेवला. "पंच नसतात त्यात. सरकार वकील देत नाही. ते फौजदारी खटल्याला, हा फौजदारी खटला नाही. आणि तो न्यायाधीशही खरं तर राष्ट्राध्यक्षाच्याच खात्यातला नोकर. तुमच्या त्या कानाच्या खेळात मी संसद व्हायचे ना? आठवतं. पण इथं तिघं गोलात उभे नाहीत. इथं एकच हात आहे आणि एकच कान."

आर्डिसबाईंनी हात काढून घेतला. त्यांनी हे कधीतरी वाचले असणार, पण कधी शिकवले नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

"मी लिहून देते," शेवटी त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. मी अडवायला हवं होतं. माझ्यावर काय कारवाई करायची ती करू देत."

"द्या. तिला थोडा उपयोग होईल." मरिसोलने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले. "पण एक सांगू का? तुम्हाला शिक्षा हवीय. मला तिची सुटका हवीय. या दोन गोष्टी एक नाहीत."

लहानपणी या मुलीला त्यांनी उद्धट म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. आता त्या स्वतःच उठल्या आणि दाराबाहेर पडल्या.

मूपॉचे घर गावाबाहेर, चाकांवरच्या घरांच्या, ट्रेलरच्या वस्तीत होते. पायरीशी डब्यांत मिरचीची रोपे थंडीने काळी पडली होती. आत सासू पानाचा डबा मांडीवर घेऊन सुपारी कातरत बसली होती. बाईंना बघून तिने लाल तोंडाने हसून चटईवर जागा करून दिली. मूपॉ बांबूच्या कोंबांचे कालवण ढवळत होती. बाई उभ्यानेच बोलल्या, कारण बसल्या असत्या तर जेवण वाढले गेले असते आणि मग बोलणे झाले नसते.

मूपॉला सगळे सांगून झाले. मग तिने गॅस बंद केला.

"पोरांना पण पाठवतील?"

"नाही. पोरं इथं जन्मलीत. ती इथलीच."

"लेरला?"

"त्यानं मत दिलं नाही ना."

"शिफ्ट होती त्याची." मूपॉने नवऱ्याच्या कामाच्या बुटांकडे पाहिले. "मी किती बोलले होते त्याला. म्हटलं, तू आळशी, तुला देशाचं काही नाही." ती थोडे हसली, मग हसणे गेले. "म्हणजे मला एकटीला."

सासूने काहीतरी विचारले. मूपॉने तिला हातानेच थांबवले. तिने बाईंकडे सरळ पाहिले.

"तुम्हाला माहीत होतं, थारामू? त्या दिवशी?"

या प्रश्नाचे उत्तर आर्डिसबाईंनी गाडीत घोकून ठेवले होते. गर्दी होती, लक्षात आले नाही, म्हातारी झाले. यातले कुठलेही कारण खपून गेले असते.

"हो," त्या म्हणाल्या. "क्षणभर. पण माहीत होतं."

मूपॉ वळली आणि तांदूळ धुवायला लागली. एकदा धुतले, पाणी ओतले, पुन्हा धुतले. पाणी केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूतच राहिली.

"आमच्या गावात सैनिक यायचे," ती पाठमोरीच बोलू लागली. "लहान होतो आम्ही. आम्हाला कळायचं नाही, पळायचं कधी, बसायचं कधी. मग आम्ही मोठ्या माणसांच्या तोंडाकडे बघायचो. त्यांचं तोंड घाबरलं की आम्ही पळायचो." तिने नळ बंद केला. "त्या दिवशी मी तुमच्या तोंडाकडे बघितलं होतं. नवी जागा, सगळे गोरे, भीती वाटत होती. म्हटलं, काही चुकत असेल तर थारामूच्या तोंडावर दिसेल. तुम्ही हसत होतात."

बाईंना रडू आले. पण इथे रडायचा हक्क आपला नाही एवढे त्यांना कळत होते, म्हणून त्यांनी ओठ दाबून धरले. त्यांनी तिन्ही वाटा सांगितल्या. अर्ज मागे घेण्याची, खरे सांगण्याची, आणि डेलचीही, कारण ती लपवणे म्हणजे आणखी एकदा तिच्या वतीने ठरवणे झाले असते.

"तुम्ही काय म्हणता?" मूपॉने विचारले.

"मी आता काही म्हणायला नको."

"सोपं आहे तुम्हाला!" मूपॉचा आवाज पहिल्यांदाच चढला. "इतके दिवस सगळं तुम्ही सांगितलंत. बस कुठं, बोल कसं, साहेबाच्या डोळ्यात बघ. आणि आता म्हणे काही म्हणायला नको!"

सासूचा अडकित्ता थांबला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, घरघरत होती. मूपॉने ओले हात अंगरख्याला पुसले आणि चटईवर बसली. पुन्हा बोलली, तेव्हा आवाज खाली आला होता.

"मी 'हो' म्हणेन."

"नीट विचार कर. लेरशी बोल."

"बोलेन. पण 'हो'च म्हणेन. छावणीत मला कुणी कधी काही विचारलं नाही. डाळ कुठली हवी, एवढं पण नाही. त्या कागदावर मला सगळं विचारलं होतं. शाळेच्या मंडळावर कोण, पाण्याच्या मंडळावर कोण. मी एक एक नाव वाचून खूण केली. आता 'नाही' म्हटलं, तर ते मी केलंच नाही असं होईल." तिने बाईंकडे पाहिले. "चुकलं असेल. पण केलं ते मी."

निघताना मूपॉने त्यांना जेवायला थांबा म्हटले नाही. सासूने मात्र दारापर्यंत येऊन त्यांच्या हातात पानाची पुरचुंडी ठेवली. बाईंना ते पान खाता येत नव्हते आणि टाकवतही नव्हते.

जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आर्डिसबाईंनी निवडणूक अधिकाऱ्यासमोर जबाब दिला. मला माहीत होते, मी आक्षेप घेतला नाही, असे स्पष्ट शब्द घातले. अधिकारी तरुण होता. तो अवघडून गेला.

"बाई, हे एवढं कडक लिहायलाच हवं का? 'गडबडीत लक्षात आलं नाही' असं घालू या ना."

"लक्षात आलं होतं. तसंच घाल."

त्याने तसेच घातले. बाई वाट बघत राहिल्या. दंड होईल, वर्तमानपत्रात येईल, चर्चमध्ये लोक तोंड फिरवतील. यातले काही झाले नाही. सरकारी वकिलाने कळवले की कारवाई करण्यासारखे यात काही दिसत नाही. फक्त, यापुढे टेबलावर बसण्याचा त्रास बाईंनी घेऊ नये. मग डेलने पुढाकार घेऊन त्यांचा निरोपसमारंभ केला. केकवर निळ्या साखरेत आभाराचे शब्द होते. डेलने भाषण ठोकले, "एवढी वर्षं या बाईनं माझं मत चुकीचं आहे हे मला पटवायचा प्रयत्न केला, आणि हरली!" सगळे हसले, टाळ्या झाल्या. बाईंनी केकचा तुकडा बशीत तसाच ठेवला. चूक दोघींच्या हातून झाली होती, नव्हे, एकीच्या, आणि केक तिच्याच वाट्याला आला होता.

फेब्रुवारीत ओमाहा शहरात मुलाखती झाल्या, आधी लेरची, मग मूपॉची. मूपॉबरोबर मरिसोल आत गेली. बाईंना बाहेरच बसावे लागले. भिंतीवरच्या झेंड्याकडे बघत त्या बसल्या. दार उघडले तेव्हा मूपॉचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"राज्यघटनेचे सगळे बरोबर आले," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, फार छान उत्तरं दिली."

"आणि ते?"

"'हो' म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. चांगले होते बिचारे." तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "मग पेन उचललं."

लेरचा अर्ज मंजूर झाला. मूपॉचा नामंजूर, आणि त्यापाठोपाठ देशातून का काढू नये याच्या सुनावणीची नोटीस. तारीख पुढच्या वर्षीची होती. लेर म्हणाला, मी शपथच घेत नाही. तो मितभाषी माणूस ते एकच वाक्य घेऊन दोन दिवस बसला. मरिसोलने समजावले की नवरा नागरिक झाला तर सुनावणीत तिला आधार होईल. तरी तो ऐकेना. शेवटी मूपॉनेच त्याचा सदरा इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "घाल. नाहीतर मी घालून जाते."

मार्चअखेरीला शपथविधी होता. बाहेर ओला बर्फ पडत होता. मंगळवारच्या वर्गातली बरीच मंडळी त्याच दिवशी शपथ घेणार होती. ओमाहाचे न्यायालयाचे सभागृह भरून गेले होते. पुढच्या रांगांत शपथ घेणारे, मागे घरची माणसे. सगळ्यांनी जाडजूड कोट घातले होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. फोटोत कोट दिसायला नकोत, असे कुणीतरी म्हणाले. मग लेरने आपला कोट मूपॉकडे दिला. त्याचे बघून बेकरीवाल्याने दिला. मग सोमाली बहिणींनी, मग वर्गातल्या एकेकाने. मूपॉने सगळे घेतले. मागच्या रांगेत ती बसली तेव्हा कोटांचा ढीग तिच्या हनुवटीपर्यंत आला होता.

आर्डिसबाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. मंगळवारचा वर्ग अजून चालू होता, मूपॉ अजून पहिल्या बाकावर यायची. पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतेच बोलत होती. बाईंनीही ते बदलायचा प्रयत्न केला नव्हता. त्यांना वाटायचे, एवढी शिक्षा तर आपल्याला मिळायलाच हवी.

"अर्धे माझ्याकडे दे," त्या हळूच म्हणाल्या.

"असू देत."

न्यायाधीश बाई आल्या. सगळे उभे राहिले, बसले. मग ज्यांना शपथ घ्यायची आहे त्यांनी उभे राहावे, असे जाहीर झाले. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. लेर उभा राहिला. त्याने उजवा हात वर केला आणि एकदा मागे वळून पाहिले. मूपॉला हात हलवता आला नसता, म्हणून तिने मान हलवली, समोर बघ, अशी.

शपथ सुरू झाली. शे-दीडशे माणसे वेगवेगळ्या सुरांत एकच वाक्य म्हणत होती. आर्डिसबाईंच्या कानावर शेजारून तेच शब्द आले. मूपॉचे ओठ हलत होते. तिने ती शपथ मंगळवारी त्यांच्यासमोर उभी राहून पाठ केली होती, आणि तिचा एकही शब्द चुकत नव्हता. एका जागी मात्र ती थांबली, पुढचे बोलली नाही. बाईंना ती जागा कळली. यापुढे माझी निष्ठा याच देशाशी, अशा अर्थाचे शब्द होते ते.

शपथ संपली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "अभिनंदन, नागरिकांनो." सभागृहात एकदम टाळ्या उसळल्या. मागच्या रांगांतली माणसे उठून ओरडू लागली, फोन वर धरू लागली. बेकरीवाला रडत होता. लेर तसाच उभा होता, हात अजून वरच.

आर्डिसबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना टाळी वाजववत नव्हती.

"थारामू," मूपॉ कोटांच्या ढिगाआडून म्हणाली. ती समोर नवऱ्याकडेच बघत होती. "तुम्ही वाजवा ना. माझे हात अडकलेत."

बाईंनी टाळी वाजवायला सुरुवात केली. आजूबाजूचे सगळे थांबले, लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले, रांगा मोडल्या, तरी त्या वाजवत राहिल्या.